आठ सेकंदांचं वाक्य

८ जानेवारी, गुरुवार

मॅडमनी आज माझं नाव देऊन टाकलं. विचारलं नाही, सांगितलं. विद्यापीठाची 'तीन मिनिटं' नावाची स्पर्धा आहे. पीएच.डी.वाल्यांनी आपलं संशोधन तीन मिनिटांत बोलून दाखवायचं. मागे पडद्यावर एकच चित्र. हातात कागद नाही. तीन मिनिटांवर एक सेकंद गेला की बाद.

म्हटलं, मॅडम, स्टेजवर मला घाम फुटतो.

'चार वर्षं कोपऱ्यात बसून शिंपल्यातल्या तिसऱ्या ऍसिडात विरघळवतोयस. तू आहेस हे तरी कुणाला माहितीये का?'

हे मात्र खरंय.

यंदा मराठीतही चालणार आहे. फॉर्मवर मी मराठी लिहिलं. मॅडमचं तोंड लिंबू चोखल्यासारखं झालं. पण इंग्रजीत मी बोललो तर लोक झोपतील, आणि आधी मीच झोपेन.

११ जाने., रवि.

भाषण लिहिलं. कपाटासमोर उभं राहून वाचलं. सात मिनिटं चाळीस सेकंद. कपाटानं तक्रार केली नाही.

शुक्रवार दुपारपासून आतापर्यंत तोंडातून निघालेले शब्द: 'पाव किलो', 'बस', 'पिशवी आहे'. रूममेट लग्न करून तळोज्याला फ्लॅटवर राहायला गेला त्याला दहा महिने झाले. त्याची खाट अजून तशीच आहे, तिच्यावर मी कपडे वाळत घालतो.

मॅडम म्हणाल्या होत्या, विषयाबाहेरच्या माणसाला ऐकवून बघ. विषयाबाहेरचा माणूस कुठून आणू? माझ्याकडं विषयातलाही नाही.

१९ जाने., सोम.

काल अमावस्या, आज सकाळी मोठी ओहोटी. नमुने घ्यायला खाडीवर. यमुनामावशी बांधावर हजर होत्याच. साठीच्या आहेत, चिखलात वाकून हातानं चाचपत तिसऱ्या काढतात आणि दुपारी मच्छी मार्केटात बसतात. माझे 'वरचे' नमुने सगळे यांच्याकडचे. वरचे म्हणजे पुलाच्या वर, आतल्या खाडीतले. 'खालचे' म्हणजे पुलाच्या खाली, मोठा नाला येऊन मिळतो तिथले. ते मी मार्केटात त्यांच्या जावेकडून, सुगंधाकाकूंकडून घेतो. दर महिन्याला अर्धा किलो.

आज मावशींच्या हाताचा फोटो काढला. ओंजळभर तिसऱ्या, बोटांना चिखल, मनगटावर जुनं हिरवं गोंदण. इतका सुंदर आलाय की काय सांगू. पडद्यावर हाच लावायचा.

'तोंड नको घेऊ मास्तर, दात नायत मना,' म्हणाल्या. तोंड घेतलं नाही.

२६ जाने., सोम.

झेंडावंदन करून मावशींच्या पाड्यावर. पोपटीला बोलावलं होतं. शेताच्या कडेला मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कोंबडी, वरून भांबुर्डीचा पाला, आणि मडकं उपडं घालून जाळ. माझ्यासाठी शिल्पानं (मावशींची सून) वेगळं लहान मडकं लावलेलं, बिनकोंबडीचं. 'शिंपल्यात बोटं घालतंय न् खात नाय, कसला मानूस हाय,' सुगंधाकाकू सगळ्यांना सांगत होत्या. त्यांची दोन नातवंडं माझ्या अंगावर येऊन पडत होती. लई दिवसांनी कुणीतरी माझ्या अंगाला हात लावला, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

बाकीचे पांगल्यावर मावशी भांडी घासत होत्या तेव्हा विचारलं, माझं भाषण ऐकता का? ऐकलं. सगळं. मधे हात थांबवून. सुरुवातीच्या गंमतीला खळखळून हसल्या. 'मी लातूरकडचा. आमच्याकडं पाणीच नाही, तर पाण्यातला जीव कुठून असणार? आईला वाटतं मी शिंपल्यातले मोती मोजतो. दर दिवाळीला विचारते, एखादा आणला का रे?' एवढंच आहे ते. पण हसल्या.

मग शिशाचा भाग आला. खालच्या तिसऱ्यांत शिसं जास्त, सतत खाणाऱ्यांना, लहान मुलांना वाईट. मावशी परत भांडं घासू लागल्या.

'पुलाच्या खालची म्हंजे आमच्या सुगंधाची.'

हो म्हटलं.

'आताच तिला बोलू नको. तिचा पन पोट हाय.' थोड्या वेळानं, 'न् माजी?'

माझं वाक्य म्हणून दाखवलं. 'मात्र पुलाच्या वर, आतल्या खाडीत मिळणाऱ्या तिसऱ्यांत शिसं मर्यादेच्या आत आहे, त्या खायला काहीच हरकत नाही.'

'तेवढा नीट सांग बाबा. बाकीचा काय पन सांग.'

सांगतो म्हटलं.

२ फेब्रु., सोम.

मॅडमसमोर तालीम. प्रयोगशाळेतले सहा जण ऐकायला. मोत्याच्या वाक्याला सगळे हसले. समोरच्या टेबलावरची जी मुलगी दोन वर्षं फक्त 'सेंट्रिफ्यूज रिकामं आहे का' एवढंच बोलते तीही हसली, आणि नंतर म्हणाली, 'तू असा आहेस हे माहीतच नव्हतं.' असा म्हणजे कसा ते विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

वेळ: तीन मिनिटं आठ सेकंद.

६ फेब्रु., शुक्र.

आठ सेकंद निघत नाहीत. भरभर बोललो तर शब्द एकमेकांच्या पायात येतात. मॅडमनी कागद घेतला, पेन्सिल फिरवली आणि एका वाक्याभोवती गोल काढला. वरच्या खाडीचं वाक्य. बरोब्बर आठ सेकंदांचं.

'परीक्षकांना एकच गोष्ट लक्षात राहते. तू शेवटी "मात्र" म्हणालास की सगळी हवा जाते.'

'पण मॅडम, ते खरं आहे.'

'प्रबंधात आहे ना? मग झालं. नाहीतर ती मोत्याची गंमत काढ. तुझं तू बघ.'

हे शेवटचं वाक्य त्या बोलल्या. इथं लिहून ठेवतो, कारण पुढंमागं मी सगळं मॅडमवर ढकलेन.

गंमतीला अकरा सेकंद लागतात. ती काढली असती तर वाक्य ठेवून वर तीन उरले असते. खोलीवर येऊन दोन्ही करून पाहिलं. गंमत काढली की मी कोण आहे तेच राहत नाही, कुणीतरी एक माणूस शिशाबद्दल सांगतोय, बस.

वाक्य काढलं.

१० फेब्रु., मंगळ.

पहिला आलो!!

बत्तीस जण होते. माझा नंबर एकोणिसावा. आधी कुणीतरी क्वांटम काहीतरी, त्याला त्याचं स्वतःचंच कळत नव्हतं. मग मी. मोती म्हटल्यावर आख्खा हॉल हसला. हसू असं अंगावर येतं हे मला माहीत नव्हतं. मग शिसं आलं आणि हॉल इतका शांत झाला की पंख्यांचा आवाज ऐकू आला. पडद्यावर मावशींचा हात, खाली मी. दोन छप्पन्नला संपलं. चार सेकंद उरलेच.

लोक येऊन हात मिळवत होते. एकानं विचारलं, 'मग आता तिसऱ्या खाणं बंदच का सर?' मी हसून म्हटलं, मी तर कधी खाल्ल्याच नाहीत. तोही हसला.

आईला फोन. तिला म्हटलं तुझ्यावर सगळे हसले. 'हसू दे की. जेवलास का?' नव्हतो जेवलो. कुणी थांबलंच नव्हतं. मॅडमना ट्रेन गाठायची होती, बाकीच्यांचे आपापले लोक न्यायला आलेले. करंडक पिशवीत मावेना, वडापाववाल्याच्या कट्ट्यावर ठेवून दोन वडे खाल्ले. 'क्रिकेट का?' त्यानं विचारलं. म्हटलं, हो.

१३ फेब्रु., शुक्र.

विद्यापीठानं भाषणाचा व्हिडिओ टाकला. दुपारपर्यंत तीनशे लोकांनी पाहिलेला. दर अर्ध्या तासानं बघतोय, लाज वाटते पण बघतोय. लातूरच्या शाळेच्या ग्रुपवर गेला. तिथं बारा वर्षांत मी एकदाही काही लिहिलं नव्हतं.

१५ फेब्रु., रवि.

महाशिवरात्र. खोलीवर साबुदाणा केला, खाली लागला.

व्हिडिओ कुणीतरी कापलाय. चाळीस सेकंदांचा तुकडा, फक्त शिशाचा भाग. वर लाल अक्षरांत 'पनवेलकरांनो, खाडीच्या तिसऱ्या खाताय? हे ऐकाच'. ज्या वाण्याकडून साबुदाणा घेतला त्याच्या मोबाइलवर होता. 'सर, तुम्ही का हे?' म्हणाला. मी म्हटलं हो. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू? पायऱ्या चढताना एकदम लक्षात आलं की पडद्यावर हात मावशींचा आहे.

१८ फेब्रु., बुध.

पेढे घेऊन मार्केटात गेलो. बुधवार, मच्छीचा वार, गर्दी भरपूर. तिसऱ्यावाल्या सात जणी एका ओळीत बसतात. त्यांच्यासमोर कुणी नाही. बाकी कोळंबीपाशी, बोंबलांपाशी रेटारेटी.

माझ्यादेखत एक बाई मावशींच्या टोपलीपाशी वाकली, गोंदणाकडे बघितलं, आणि बरोबरच्या बाईला म्हणाली, 'हाच गं तो हात.' गेल्या.

मावशींनी मला बघितलं. तिसऱ्यांवर पाणी मारत राहिल्या. शिल्पानं मोबाइल पुढं केला.

'मास्तर, चार दिस झाले. टोपली भरून आनतो, भरून नेतो. याच्यात आईच्या तिसरीचा चांगला बोलल्याला कुठं हाय?'

'तो तुकडा कापलेला आहे. मूळ भाषणात...' एवढं बोललो आणि थांबलो. मूळ भाषणातही नाहीच.

मावशींनी तेव्हा वर पाहिलं. 'मना बोलून दाखवलास त्या दिशी. आंगनात.'

'वेळ बसत नव्हती मावशी.'

'कितीसा लागत होता?'

'आठ सेकंद.'

त्यांनी एक उघडी तिसरी वेचून बाजूला टाकली. राग काढला असता तर बरं झालं असतं. पेढ्यांचा पुडा तसाच परत आणला. इंग्रजीत बोललो असतो तर या मार्केटात कुणाला एक अक्षर कळलं नसतं. मराठीत बोललो म्हणून फुशारकी मारत होतो.

२० फेब्रु., शुक्र.

विद्यापीठात फोन केला, व्हिडिओखाली खुलासा टाका म्हटलं. 'मेल करा, बघतो.' मेल केला. व्हिडिओखाली स्वतःच लिहिलं: वरच्या खाडीतल्या तिसऱ्या सुरक्षित आहेत. चार जणांनी अंगठा दिला. एकानं विचारलं, 'किती मिळाले लिहायचे?'

मॅडम चिडल्या. राज्याची फेरी १४ मार्चला, मुंबईत. भाषणाला हात लावायचा नाही, जिंकलेलं भाषण आहे. म्हटलं, मॅडम, त्या बाईंचा धंदा बसला. मॅडमनी हातातला कागद ठेवला. मग म्हणाल्या, 'मला वाईट वाटतंय. पण शिसं तू टाकलेलं नाहीस तिथं.'

नाही टाकलं. हेही खरंच. पण त्यानं काय होतंय?

२५ फेब्रु., बुध.

आज जे झालं ते लिहायला बसलोय आणि दोनदा उठलो.

कॉलेजच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापून नेलं: 'पुलाच्या वरच्या खाडीतील तिसऱ्या तपासल्या आहेत. खाण्यास योग्य.' खाली माझी सही. मावशींच्या मागच्या खांबाला चिकटवलं. मनात म्हणत होतो, चला, एक तरी काम नीट केलं.

सुगंधाकाकू शेजारच्याच पाटावर बसल्या होत्या. उठून आल्या. वाचता येत नाही त्यांना, शिल्पाकडून वाचून घेतलं.

'वरची चांगली. मंग खालची?'

मी गप्प.

'मी खालची आनते. तुला ठावं हाय. माज्याकडनंच नेतोस म्हयन्याला. मी मेली सगल्यांना सांगत होती, माजी तिसरी कालेजात जाते म्हून.'

मी खांबावरच्या कागदाचा कोपरा दाबत राहिलो.

'कवापासून ठावं हाय तुला, खराब हाय ते?'

'दोन वर्षं.'

'दोन वर्सं माजी नातवंडं खातात ती. पोपटीला आंगावर खेळवलीस त्यांना.'

मी म्हणालो, पेपर छापून येईपर्यंत आकडे बाहेर सांगता येत नाहीत. हे मी खरंच म्हणालो. मच्छी मार्केटात उभं राहून, त्या बाईला. ती मुलं डोळ्यांसमोर होती आणि तोंडातून हे निघालं.

मग त्या मावशींकडे वळल्या. 'वैनी, तुला ठावं होता?'

मावशींनी नाही म्हटलं नाही. मान खाली घातली. सुगंधाकाकूंनी आपली टोपली उचलली आणि ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. चाळीस वर्षं शेजारी बसतात या दोघी.

मावशी उठल्या, खांबावरचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. 'जा मास्तर. आता येऊ नको.'

२८ फेब्रु., शनि.

ताप नाही, काही नाही. पडून आहे.

खालच्या तिसऱ्या खाऊ नयेत हे खरंच आहे, ते मी मागं घेऊ शकत नाही. घेणारही नाही. पण या दोन वर्षांत सुगंधाकाकूंना सांगावं असं एकदाही मनात आलं नाही. त्या माझ्यासाठी 'नमुना ख' होत्या. मावशी जेवायला घालायच्या म्हणून त्या मावशी. एवढंच माझं माणसं ओळखणं.

आईनं आवाज ओळखला. 'काय झालं?' काही नाही म्हटलं. 'एकटा राहून राहून तू काही नाही म्हणायला लई शिकलास,' म्हणाली आणि फोन ठेवला.

३ मार्च, मंगळ.

होळी. मागच्या वर्षी शिमग्याला पाड्यावर होतो, मावशींनी बळंच नाचायला ओढलं होतं. यंदा खोलीच्या खिडकीतून सोसायटीतली होळी बघितली. कुणीतरी वर बघून हात केला. मीही केला. माझ्या वरच्या मजल्यावरच्या माणसाला करत होता तो.

भाषण पुन्हा लिहिलं. मोत्याची गंमत काढली. आठ सेकंदांचं वाक्य परत घातलं. दोन सत्तावन्न. काही झालं तरी हेच बोलणार. आता हे कुणाला सांगू? शिल्पाला मेसेज केला: 'मुंबईत वाक्य बोलणार आहे. मावशींना सांग.' निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

९ मार्च, सोम.

सकाळी वॉचमनचा फोन. 'सर, खाली बायका आल्यात. मासळीवाल्या. वर सोडू का?'

सातही जणी. नीट साड्या नेसून, केसांत गजरे, जशा लग्नाला. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या. काढू नका म्हटलं, इथं ऍसिड सांडतं, तर सगळ्यांनी घाईघाईनं परत घातल्या. सेंट्रिफ्यूजवाल्या मुलीनं खुर्च्या आणून दिल्या. मावशी बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या. सुगंधाकाकू त्यांच्याशेजारी, बोलत होत्या असं नाही, पण शेजारी.

शिल्पानं पिशवीतून डबे काढले. श्रीखंडाचे, सगळे सारखे, सात. झाकणांवर एक ते सात आकडे. प्रत्येकीची तिसरी एकेका डब्यात. कुणाचा आकडा कुठला ते जिचं तिलाच माहीत, घरी चिठ्ठ्या उचलल्या होत्या म्हणे.

'नाव लिवायचा नाय,' मावशी म्हणाल्या. बारा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. 'तू निस्ता आकडा सांगायचा. कुटला चांगला, कुटला खराब. आमचा आमी बगतो. खराब आला तिनी जागा बदलायची, आमी आमच्यात जागा देऊ. बाजारात कुनी कुनाचा बोट दाखवायचा नाय.'

'न् आधी आमाला सांगायचा,' सुगंधाकाकू. 'मंग तुज्या शटेजला.'

मी म्हटलं, हो. मग म्हटलं, मी चुकलो. एवढंच. सात जणींपैकी एकीनंही 'असू दे' म्हटलं नाही.

'किती दिस लागतील?' मावशी.

'सुकवायचं, कुटायचं, विरघळवायचं, मग मशीनला. चार दिवस.'

'लागू दे. घाई नको करू.'

गेल्यावर डबे ओळीनं मांडले आणि बघत बसलो. चार वर्षं मला माहीत होतं कुठली तिसरी कुणाची. आता यातला मावशींचा कुठला, मला माहीत नाही. एका बाजूला थोडा राग आला, माझ्याच कामात मला बाहेर ठेवलं म्हणून. दुसऱ्या बाजूला हेवा वाटला. भांडूनसुद्धा एका पिशवीत डबे घालून येतात. मला कुणाबरोबर पिशवीत घालायला काय आहे?

११ मार्च, बुध.

प्रत्येक नमुना तीन तीनदा करतोय. मॅडमनी विचारलं कुठले नमुने. सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी हातमोजे घातले आणि शेजारी उभं राहून कुटायला लागल्या. 'मीही कधी विचारलं नाही रे, त्यांना सांगितलंस का म्हणून,' एवढं बोलल्या.

१३ मार्च, शुक्र.

आकडे आले. दुपारी तीनला. मशीन परत शून्यावर आणून पुन्हा केले. तेच.

सात जणींपैकी तिघी पुलाच्या खालून आणतात, चौघी वरून. म्हणजे तीन डबे खराब निघायला हवेत.

चार निघालेत.

दोन, तीन, सहा, सात. सहा नंबर थोडासाच वर आहे मर्यादेच्या. पण वर आहे. कुणीतरी एक वरची आहे त्यात. जानेवारीत मावशींचे नमुने स्वच्छ होते, ते खोटं नव्हतं. पण नाल्याचं पाणी भरतीबरोबर वर सरकत असेल तर... की त्या चौघींतली कुणी एखाद दिवस खाली गेली असेल? विचारता येणार नाही. आकडा सांगायचा, तेवढंच ठरलंय.

उद्या अकराला मुंबईत फेरी आहे. तोंडपाठ केलेलं भाषण आहे, त्यात ते वाक्य आहे, 'वरच्या खाडीत मिळणाऱ्या तिसऱ्या खायला काहीच हरकत नाही.' कालपर्यंत मी त्याच्यासाठी बाद व्हायलाही तयार होतो. आता ते बोलावं की नाही कळत नाही. न बोललो तर मावशींना वाटणार पुन्हा गाळलं. बोललो तर खरं असेलच असं नाही. मॅडमना विचारलं. त्यांनाही माहीत नाही. पहिल्यांदाच त्या असं म्हणाल्या.

शिल्पाला फोन केला. उद्या सकाळी सहाला मार्केटात सगळ्या जमतायत, गिऱ्हाईक यायच्या आत. मी आकडे वाचायचे. तिथूनच पुढं स्टेशन.

आकडे कागदावर मोठे करून लिहिलेत. एकदा मोठ्यानं वाचून पाहिले. पंधरा सेकंद लागतात. वाचताना कागदाकडेच बघायचं, सहा नंबर म्हटल्यावर मावशींच्या तोंडाकडे बघायचं नाही, असं ठरवलंय. जमेल असं वाटत नाही.